नापुरान कुठे गेलं?

फॉर्मच्या पहिल्याच ओळीवर पेर्लिताचं बोट थांबलं.

"मॅडम, ही कोण?"

"कोण म्हणजे? तूच की," गिल्डा मॅडम संगणकावरची नजर न काढता म्हणाल्या.

ओळीत ठळक अक्षरांत छापलं होतं : पेर्लिता मोंतेसा व्हिट्लॉक.

एकोणचाळीस वर्षं ती पेर्लिता नापुरान मोंतेसा होती. मधलं नापुरान हे आईचं माहेरचं आडनाव, शेवटचं मोंतेसा बापाचं. गावात सगळ्यांची नावं अशीच. बाईनं लग्न केलं आणि नवऱ्याचं आडनाव लावलं, की बापाचं आडनाव सरकून मध्ये येतं आणि आईचं गळून पडतं. हे पेर्लिताला माहीत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याचं गळताना बघणं वेगळं आणि आपलं गळणं वेगळं.

"नापुरान कुठे गेलं?"

"गेलं. जागा कुठाय त्याला? तीनच रकाने आहेत."

"पण तुम्ही मला विचारलं कुठे, नवऱ्याचं आडनाव लावायचं का म्हणून?"

आता मात्र गिल्डा मॅडमनी मान वळवली. मनिलापासून लांब, इलोइलो शहरात, एका बेकरीच्या माडीवर त्यांचं ऑफिस. बायकोला परदेशी नवऱ्याकडे पाठवायचे कागद तयार करणं हा त्यांचा धंदा. भिंतीवर बर्फात उभ्या असलेल्या बायकांचे फोटो होते आणि त्यातल्या प्रत्येकीला आपणच जन्माला घातलं असावं अशा थाटात मॅडम त्यांच्याकडे बघत.

"इनदाय," मॅडम लाडात आल्या, "अगं, नवऱ्याचं एक आडनाव आणि बायकोचं भलतंच, असं दिसलं तर व्हिसाचा साहेब काय म्हणेल? हे लग्न खरं की नुसतं कागदावरचं?"

"मेयरसमोर झालंय लग्न. सगळ्या गावानं बघितलंय. डुक्कर भाजलं होतं."

"साहेबाला डुक्कर दिसत नाही गं, कागद दिसतो. नियमच आहे तो. लावावंच लागतं." मग त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "त्यापेक्षा हे बघ. वडिलांची माहिती रिकामी सोडलीयस. जन्मतारीख, हयात आहेत का, राहतात कुठे. हे सगळं लागतं."

"मला माहीत नाही."

"मग माहीत करून घे. आणि सेबूच्या त्या सरकारी वर्गाचा दाखला आण. त्याशिवाय पासपोर्टावर नाव बदलून मिळत नाही. पुढची या!"

गावी, मियागावला, जाणाऱ्या जीपनी गाडीत बसेपर्यंत पेर्लिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं तिला जरा सरकायला सांगितलं, तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा स्वतःच सरकला.

पेर्लिता गावच्या आरोग्य केंद्रात सुईण होती. रीतसर शिकलेली, सरकारी परवान्याची. सतरा वर्षांत तिनं एवढी बाळंतपणं केली होती, की बाजारात तिच्यासमोरून कोणी दांडगट पोरगा शिट्टी वाजवत गेला तर ती म्हणायची, "मला शिट्टी वाजवतोस? तू बाहेर येताना पायाळू होतास, विसरलास का?" तिच्या जिभेला धार होती आणि हाताला यश. बायका दोन्हीसाठी तिच्याकडे यायच्या.

जन्मनोंदीचा कागदही तीच भरायची. आईचं नाव, बापाचं नाव, मुलाचं नाव. बाप सही करायला फिरकलाच नाही, तर मूल आईचं आडनाव लावायचं. अशा कागदावर लिहिताना पेर्लिता मुद्दाम पेन दाबून लिहायची. आणि सगळ्यात खाली, सुईणीच्या जागी, तिची सही : पे. ना. मोंतेसा. गावातल्या अर्ध्या शाळेच्या जन्मदाखल्यांवर ती सही होती.

डग व्हिट्लॉक तिच्या आयुष्यात आला तो पायात समुद्री साळूचे काटे घेऊन. कॅनडात, विनिपेगला, बसगाड्या दुरुस्त करणारा बावन्न वर्षांचा घटस्फोटित माणूस. तिच्या मामेभावाच्या, नेस्तोरच्या, वर्कशॉपमधला. नेस्तोरबरोबर गावच्या जत्रेला आला, अनवाणी समुद्रात उतरला आणि दोघांच्या खांद्यावर हात टाकून केंद्रात आला. पेर्लितानं चिमट्यानं एकेक काटा काढला आणि प्रत्येक काट्यागणिक त्याला झापलं. त्याला म्हणे तेच आवडलं. त्यानंतर तो दोनदा आला आणि तिसऱ्या खेपेला लग्न झालं. माणूस वाईट नव्हता. हसरा, हाताला काळं ग्रीस लागलेला, पान्सितच्या शेवयांवर ताव मारणारा. फक्त कुठल्याही गोष्टीचा फार विचार करायची त्याला सवय नव्हती, आणि आजवर त्याला तशी गरजही पडली नव्हती.

घरी आली तेव्हा नानाय, म्हणजे आई, मागावर बसली होती. पेर्लिताच्या आईचं नाव साल्वासियोन. वय सदुसष्ट, पण पावडीवर पाय तरण्या पोरीसारखा पडायचा. हाब्लोनचं कापड विणून तिनं एकटीनं मुलगी वाढवली, सुईणीच्या शाळेत घातली. नवरा, आर्तेमियो मोंतेसा, पेर्लिता चार वर्षांची असताना ऊसतोडीला नेग्रोस बेटावर गेला. बाकीचे तोडणी संपल्यावर परत आले. तो आला नाही. मेला म्हणावं तर निरोप नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही.

पेर्लितानं पिशवी आपटली. "नानाय, ती बाई तुझं नाव काढून टाकतेय आणि त्याचं ठेवतेय! ज्यानं मला कधी एक सपातांचा जोड घेतला नाही, तो माझ्या नावात राहणार, आणि तू बाहेर!"

सगळं ऐकून घेतल्यावर नानायनं धोटा बाजूला ठेवला. मुलीला वाटलं, आता आईही भडकणार. नानाय शांतपणे म्हणाली, "मग बरंच झालं की. निदान शेवटी तरी त्या मेल्याचं नाव राहणार नाही. लाव तू नवऱ्याचं."

"आणि नापुरान?"

"काय सोनं लागलंय नापुरानला? माझ्या बापाकडे एक रेडा आणि खोकला, दोनच गोष्टी होत्या."

"हसू नकोस, नानाय. मी चिडलेय."

"दिसतंय ते. कोंबड्यासुद्धा लांब बसल्यात." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आणखी काय मागितलंय?"

"बापाची माहिती. जिवंत आहे का, कुठे राहतो. कुठून आणू? मी लिहिणार, माहीत नाही."

नानाय उठली. देवाच्या फोटोमागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यातून वहीच्या कागदाची घडी काढून मुलीच्या हातात दिली. त्यावर नेग्रोसमधल्या सागायजवळच्या एका वस्तीचा पत्ता होता. खाली जन्मतारीखसुद्धा.

"हे तुझ्याकडे होतं?"

"तू शिकायला शहरात होतीस तेव्हा मी जाऊन आले. बोटीनं."

पेर्लिता खाली बसली. एवढ्या वर्षांत आईनं यातला एक शब्द काढला नव्हता.

"आमच्या विणकरांची सोसायटी निघाली," नानाय सांगू लागली, "तेव्हा मी नाव लिहिलं, साल्वासियोन नापुरान. तिथल्या बाबूनं लाल पेनानं काट मारली. म्हणाला, मनांग, ताई, तुमच्या सगळ्या कागदांवर मोंतेसा आहे, तुम्ही मोंतेसाच. म्हटलं, तो माणूस गेला मला टाकून. तर म्हणतो, मेल्याचा दाखला आणा, नाहीतर कोर्टाचा. वकील म्हणाला, लग्न रद्द करायचं तर नवऱ्याचा पत्ता पाहिजे. म्हणून गेले."

"मग?"

"मग काय. अंगणात बसला होता. तब्येतीनं चांगला. दुसरी बाई केलेली, तिची तीन पोरं. तिघंही मोंतेसा. मला बघून म्हणाला, इनदाय, कॉफी घेतेस का?" नानायनं झग्याच्या टोकानं मागाची फणी पुसायला घेतली. ती पुसायची काही गरज नव्हती. "मी कॉफी घेतली. भूक लागली होती. वकिलानं पुढे जो आकडा सांगितला त्यात माझे दोन माग गेले असते आणि तुझी शाळा. म्हणून राहिलं. तर असं आहे. पस्तीस वर्षं मी त्या माणसाची पाटी गळ्यात घालून हिंडतेय. रेशनला मोंतेसा, दवाखान्यात मोंतेसा, परवा ते म्हातारपणाचं कार्ड दिलं त्यावर मोंतेसा. तुला सुटायची संधी आलीय तर सूट."

पेर्लितानं कागदाची घडी पुन्हा घातली. तिचा राग कमी झाला नाही, फक्त त्याचं तोंड कुणाकडे करावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्यूटीवर जायच्या आधी, तिनं डगला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, तो जेवायला बसला होता.

"नाव?" तो म्हणाला. "अगं, सोपं पडेल ते लाव ना. विमा, बँक, सगळीकडे एकच आडनाव असलं की भानगड नाही. मीही माझ्या बाजूच्या फॉर्मात व्हिट्लॉकच लिहून टाकलंय."

"मला न विचारता?"

"त्यात काय विचारायचं? तू माझी बायको ना? नावात एवढं काय असतं, पेर्ली?"

"काही नसतं? मग तू लाव मोंतेसा."

तो खो खो हसला. त्याला खरंच तो विनोद वाटला. पेर्लितानं फोन बंद केला आणि त्या दिवशी केंद्रात आलेल्या प्रत्येकाला तिनं इतकं फाडून खाल्लं, की डॉक्टरीणबाईंनी तिला हळूच विचारलं, "मनांग, रक्तदाब तपासू का तुमचा?"

तरीही ती सेबूला गेली. आई म्हणते लाव, नवरा म्हणतो लाव, मॅडम म्हणतात नियमच आहे. एकटी मीच कशाला डोकं आपटून घेऊ, असं म्हणत तिनं बापाची माहिती मॅडमना कळवली आणि बोटीचं तिकीट काढलं.

परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बायकांना जाण्याआधी एक दिवसाचा सरकारी वर्ग करावाच लागतो. खोलीत तीसेक जणी होत्या. शिकवायला उबाल्दे बाई म्हणून साठीच्या एक ठेंगण्या बाई. नवऱ्यानं मारलं तर कुठे फोन करायचा, पासपोर्ट त्याच्या कपाटात का ठेवायचा नाही, हे सगळं त्यांनी अगदी भाजी निवडल्यासारखं सांगितलं. मग म्हणाल्या, "आता नाव. नवऱ्याचं आडनाव लावायचं की नाही, ही तुमची मर्जी."

पेर्लिताचा हात वर गेला. "मर्जी? आम्हाला तर सांगितलं नियम आहे, लावावंच लागतं."

"कुणी सांगितलं? कायद्यात 'लावू शकते' असं आहे. 'लावलंच पाहिजे' असं नाही."

"हा कायदा कधी झाला? यंदा?"

"नाही हो. पन्नास सालापासून आहे."

पेर्लितानं मनातल्या मनात हिशेब केला. पन्नास साली नानायचा जन्मही झाला नव्हता. म्हणजे नानाय लग्नाला उभी राहिली तेव्हा तो शब्द पुस्तकात होता. पाद्र्यानं सांगितलं नाही, कचेरीतल्या कुणी सांगितलं नाही. सगळ्यांनी मिळून एका बाईच्या गळ्यात पाटी अडकवली आणि तिला वाटत राहिलं, देवानंच अडकवली.

"आणखी एक विचारते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. "आज पासपोर्टावर नवऱ्याचं नाव घातलं आणि उद्या मला माझं परत हवं असलं तर?"

"मग अवघड आहे. नवरा वारला, किंवा घटस्फोट झाला, किंवा कोर्टानं लग्न रद्द केलं, तरच."

"म्हणजे मला माझं नाव परत मिळावं म्हणून कुणीतरी मरायला पाहिजे?"

खोलीत हशा पिकला. उबाल्दे बाई हसल्या नाहीत. "हो," त्या म्हणाल्या. "सध्या तसंच आहे. म्हणून आधी विचार करा म्हणते."

पुढच्या रांगेतली एक विशीतली मुलगी मागे वळून कुजबुजली, "मनांग, मी तर गेल्याच महिन्यात सही करून आले. मला वाटलं, लग्नाच्याच कागदाचा भाग आहे."

परतीच्या बोटीवर पेर्लितानं काही खाल्लं नाही. धक्क्यावर उतरली ती घरी न जाता थेट बेकरीच्या माडीवर.

"माझा फॉर्म द्या," ती म्हणाली. "नवा भरायचाय. पेर्लिता नापुरान मोंतेसा. पासपोर्ट आहे तोच राहील. बदलायचा नाही."

गिल्डा मॅडमच्या चेहऱ्यावरचा लाड उतरला. "उशीर झाला, इनदाय. फाइल गेली. मंगळवारीच पाठवली."

"सहीशिवाय कशी गेली? मी तर अजून सहीच केली नाही."

मॅडम पंख्याचा वेग वाढवायला उठल्या. पेर्लितानं टेबलावरची प्रतींची फाइल ओढली. शेवटच्या पानावर सही होती. गोल गोल अक्षरांत, शेवटी एक फुलोरा काढून : पे. मो. व्हिट्लॉक. जन्मात कधी न पाहिलेल्या त्या बाईची सही बघून पेर्लिताचे कान तापले.

"ही कुणाची?"

"अगं, वेळ वाचावा म्हणून... आम्ही सगळ्यांचीच करतो. आजवर कुणी ओरडलं नाही."

"सगळ्यांचीच?" पेर्लिता उभी राहिली. बाकावर सात-आठ बायका नंबर घेऊन बसल्या होत्या. "ऐकलंत का गं? ह्या तुमच्या सगळ्यांच्या सह्या करतात! माझं नाव यांनी ठरवलं, माझी सही यांनी केली, आता माझ्या जागी नांदायलाही ह्याच जातील! आपापले कागद मागा. पहिली ओळ वाचा आणि शेवटचं पान बघा."

"हळू बोल! लोक काय म्हणतील?"

"मी सतरा वर्षं बाळंतिणींच्या किंकाळ्यांवरून ओरडून बोलतेय, मॅडम. हळू मला येत नाही."

एक बाई उठली, मग दुसरी. कागदांची मागणी सुरू झाली. गिल्डा मॅडम म्हणाल्या, तुझा व्हिसा आता जन्मात होणार नाही. म्हणाल्या, चाळिशीला आलेल्या बाईला नवरा मिळाला तर नखरे सुचतात. या वाक्यावर पेर्लितानं खुर्ची ओढली आणि दारात मधोमध बसली. "अर्ज परत घेतल्याचं पत्र टाइप करा. त्यात लिहा, सही माझी नव्हती. मी वाचून, माझ्या हातानं माझी सही करते. तोवर इथून कुणी आत येणार नाही आणि तुम्ही बाहेर जाणार नाही."

खालच्या बेकरीतून दुपारचे पाव निघाले, वास वर आला, तरी ती बसलेलीच. चारच्या सुमाराला पत्र झालं. पेर्लितानं ते दोनदा वाचलं, एक चूक दुरुस्त करून घेतली आणि खाली सही केली. पे. ना. मोंतेसा. एवढी दाबून, की मागच्या कागदावर वळ उठले.

पण अर्ज एकट्या तिचा नव्हता. डगलाही त्याच्या फॉर्मातली दुरुस्ती लिहून द्यायची होती. आणि डग रुसला. सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी सात-आठ महिने. ती वसंतात येणार म्हणून त्यानं खोली रंगवून ठेवली होती. तीन आठवडे तो "पाठवतो, पाठवतो" म्हणत राहिला. शेवटी एका सकाळी म्हणाला, "पेर्ली, खरं सांगू? मला वाईट वाटलं. माझं नाव लावायची तुला लाज वाटते का?"

"तुझ्या शहरात किती मिसेस व्हिट्लॉक आहेत, डग?"

"म्हणजे?"

"शीला अजून व्हिट्लॉकच लावते ना? तूच सांगितलंस. तुमचा घटस्फोट होऊन नऊ वर्षं झाली."

"मुलांच्या शाळेमुळे राहिलं ते. तिनं विचारलं होतं, मी म्हटलं ठेव, मला काय."

"तिचं मूळचं आडनाव काय होतं?"

फोनच्या पडद्यावर डग वर बघू लागला, माणूस आठवताना बघतो तसा. "सांगतो हं... काहीतरी युक्रेनकडचं होतं. ब... नाही..."

"तेरा वर्षं संसार केलास."

"आठवेल गं, थांब."

"नको आठवूस." पेर्लिताचा आवाज या वेळी चढला नाही, आणि तेच डगला जास्त लागलं. "डग, मला तू हवा आहेस. नसतास तर मी या कागदांच्या उकिरड्यात उतरलेच नसते. पण माझी आई एका माणसाचं नाव पस्तीस वर्षं काढू शकली नाही. मी ते जोखड एकदा मानेवर घेतलं, की उतरवायला तू मरायला पाहिजेस. तू मरावंस असं मला वाटत नाही. आज मात्र थोडं वाटतंय."

डगनं खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, "तुझं मधलं नाव कसं लिहायचं? एकेक अक्षर सांग."

तिनं सांगितलं. त्यानं गॅरेजच्या पावतीमागे लिहून घेतलं. चुकलं. तिनं पुन्हा सांगितलं. दुरुस्तीचं पत्र त्यानं त्याच आठवड्यात धाडलं.

नवा अर्ज पेर्लितानं स्वतः भरला, रोज ड्यूटीनंतर केंद्रातल्या संगणकावर, गिल्डा मॅडमशिवाय. बापाच्या रकान्यात आर्तेमियो मोंतेसा, हयात, आणि सागायचा तो पत्ता. तेवढा पत्ता तिनं टाइप केला, पण पुन्हा वाचून पाहिला नाही. दहा महिने लागले. मधे साहेबांकडून एक चौकशी आली : आधीच्या अर्जावर वेगळं नाव आणि वेगळी सही का? तिनं उत्तरात जे घडलं ते सगळं लिहिलं आणि मॅडमच्या ऑफिसातल्या पत्राची प्रत जोडली. लग्न खरं की कागदी, असा प्रश्न कुणीच विचारला नाही.

व्हिसा आला त्या दिवशी नानायनं कौतुक केलं नाही. "तरी मी म्हणेन, मोंतेसा घालवायला पाहिजे होतंस," एवढंच म्हणाली.

"त्याचं राहिलं म्हणून तुझं राहिलं, नानाय. दोन्ही एकत्रच येतात."

"मग काय करतेस. माशांबरोबर काटेही घ्यावे लागतात," नानाय म्हणाली आणि मागाकडे वळली. नंतर पेर्लिताला दिसलं, की तिनं पासपोर्ट उघडून ठेवलाय आणि बोटानं एकेक अक्षर चाचपून मधली ओळ वाचतेय. पेर्लिता दारातूनच मागे फिरली.

मनिलाच्या विमानतळावर शेवटच्या खिडकीतल्या तरण्याबांड अधिकाऱ्यानं कागद उलटसुलट केले. "मनांग, लग्न झालंय ना? मग नवऱ्याचं आडनाव का नाही? घरी काही भांडण वगैरे?"

पेर्लितानं बॅग खाली ठेवली. मागे मोठी रांग होती.

"तुमचं लग्न झालंय?" तिनं विचारलं.

"हो."

"तुम्ही बायकोचं आडनाव लावता?"

"नाही."

"घरी काही भांडण वगैरे?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अधिकाऱ्याचे कान लाल झाले. त्यानं शिक्का उचलला आणि पासपोर्ट परत सरकवला.

विनिपेगमध्ये ती आता प्रसूतीच्या वॉर्डात मदतनीस आहे. सुईणीच्या परवान्यासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागणार आहे. दिवसभर काम करून संध्याकाळी ती अभ्यासाला बसते, तेव्हा डग भांडी घासतो आणि तिला प्रश्न विचारून तिची उत्तरं पुस्तकाशी ताडून बघतो. संसार ठीक चाललाय. भांडणंही ठीक चालली आहेत. शेजारीण, दातांचा डॉक्टर, बँकेतली मुलगी, कुणी ना कुणी तिला आठवड्यातून एकदा तरी मिसेस व्हिट्लॉक म्हणतं. डग म्हणतो, जाऊ दे, त्यांना कुठे माहिती आहे. ती जाऊ देत नाही. थांबते, सांगते, लिहून देते, आणि समोरच्यानं नीट म्हटल्याशिवाय हलत नाही.